अध्यक्ष आमच्याकडे काही घेत नाहीत

फोटो साधा होता. नव्या घराचा हॉल, दाराला झेंडूचं तोरण आणि शाळेतली माणसं कागदी प्लेटा हातात घेऊन उभी. कडेला पांढऱ्या बुशशर्टातले एक उंच, वयस्क गृहस्थ. त्यांनी हात पोटाशी बांधले होते. त्यांच्याकडे प्लेट नव्हती, पेलाही नव्हता. त्या हातांभोवती मोबाइलवरच बोटाने लाल गोल काढलेला होता आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, 'साहब को हमारे घर का पानी नहीं चलता.'

हे गृहस्थ आमच्या जिल्ह्यातल्या एका शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. घर उज्जैनच्या नानाखेड्यापलीकडच्या नव्या वसाहतीतलं, एका तरुण शिक्षिकेचं. त्या इंग्रजी शिकवतात, दलित आहेत, आणि लाल गोल त्यांनी स्वतः काढला होता. वास्तुशांतीला त्यांनी सगळ्या सहकाऱ्यांना बोलावलं होतं. सगळे जेवले. अध्यक्ष आले, घर फिरून पाहिलं, लहान मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पाण्याचा पेला पुढे आला तेव्हा "अभी पीकर आया हूँ" म्हणून हात जोडले. पुन्हा विचारलं, मग सरबताचं विचारलं. उत्तर तेच.

त्या शिक्षिकेची बदली शहराजवळ व्हावी म्हणून याच अध्यक्षांनी आदल्या वर्षी कार्यालयात खेटे घातले होते. संघटनेच्या ग्रुपवर कोणीतरी याची आठवण करून दिली, तेव्हा शिक्षिकेने उत्तर टाकलं की उपकार करायला साहेबांचे हात चालतात, फक्त पेला धरायला चालत नाहीत. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

फोटो थोड्याच दिवसांत जिल्हाभर फिरला. शिक्षण कार्यालयात लेखी तक्रार गेली, चौकशी नेमली गेली, आणि संघटनेतल्याच एका गटाने राजीनामा मागितला. अध्यक्षांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एवढी वर्षं दुसऱ्यांची कामं करत फिरलेला माणूस शिवाशिव पाळणारा म्हणून घरी जाणार की नाही, हे या चौकशीवर ठरणार होतं. आणि अध्यक्ष काहीच बोलत नव्हते. ग्रुपवर नाही, कार्यालयात नाही, घरच्यांशीही नाही. गप्प राहणं म्हणजे कबुली, असा अर्थ लोक काढतात. तो काढला जात होता.

माझी थोरली बहीण या संघटनेची जुनी सभासद. ती मुलींच्या सरकारी शाळेत गणित शिकवते. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आमचं कुटुंब उज्जैनला आलं आणि इथलंच झालं. मी एका हिंदी दैनिकात शहरवार्ता आणि शिक्षण खातं सांभाळलं, आता घरून संपादनाचं काम करते. ताई एका दुपारी शाळेतून सरळ माझ्याकडे आली आणि पर्ससकट सोफ्यावर बसली.

"तू लिही," ती म्हणाली. "अखबारात नाही तर फेसबुकवर लिही. तो माणूस असा नाहीये म्हणून लिही."

"कसा नाहीये?"

"अगं, कसा म्हणजे? तू ओळखत नाहीस का त्यांना?"

"ओळखते. पण 'असा नाहीये' हे तुझं मत झालं. तू पाहिलंयस काय, ते सांग."

तिने सांगितलं. बाळंतपणाची रजा नामंजूर झालेल्या एका शिक्षिकेसाठी ते दिवसभर कार्यालयाच्या पायरीवर बसले होते. त्याच दलित समाजातल्या एका मास्तरांना निलंबित केलं तेव्हा सगळी संघटना मागे सरली होती आणि हे एकटे उभे राहिले होते. शाळेत माध्यान्ह भोजनाला मुलांच्या वेगळ्या पंगती लागतात असं कळलं, तेव्हा तिथे जाऊन त्यांनी मुख्याध्यापकांशी भांडण केलं होतं.

"हे सगळं खरं आहे," मी म्हटलं, "पण आरोप पाण्याचा आहे. बाहेर न्यायासाठी भांडणारे आणि घरी चूल वेगळी ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. तू पण पाहिलेत."

ताई चिडली. चिडली की तिची मराठी उज्जैनची होते. "मला नको समजावू. पाण्याचं एवढं काय? आपल्याकडे तरी कुठे काय घेतलं त्यांनी? गणपतीला आले होते, आरती होईपर्यंत थांबले. मोदक ताटलीत घालून दिला, तर रुमालात बांधून नेला. म्हणे नातवाला देतो. पाणीसुद्धा नाही. मी तेव्हाच ओळखलं होतं की दक्षिणी लोकांबद्दल त्यांच्या मनात काहीतरी आहे."

आम्हा मराठी माणसांना माळव्यात अजून दक्षिणी म्हणतात.

"म्हणजे तुझा पण त्यांच्यावर हाच आरोप आहे," मी म्हटलं.

"ते वेगळं. मी काय कंप्लेंट केली?"

"का नाही केलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "अशा गोष्टी बोलतात का कोणी," ती म्हणाली.

लिहायला बसण्याऐवजी मी फिरायला लागले ते या वाक्यामुळे. बातमीदारीत एका घरून मिळालेली माहिती दुसऱ्या घरी ताडून बघायची सवय लागते. ताईच्या घरी जे झालं ते फक्त ताईच्या घरी झालं होतं का, एवढंच मला बघायचं होतं. प्रश्नही एकच ठेवला. अध्यक्ष तुमच्याकडे कधी आले असतील, तेव्हा त्यांनी काय घेतलं?

पहिल्यांदा फ्रीगंजमागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त हिंदी व्याख्यात्यांकडे गेले. कनौजी ब्राह्मण, संघटनेचे जुने सल्लागार. प्रश्न ऐकून त्यांनी आधी दार लोटून घेतलं. इथे आणि पुढे जे बोलणं झालं ते हिंदीत झालं. ते मराठीत देते आहे, जिथे मराठीत उतरत नाही तिथे तसंच ठेवलं आहे.

"मुलाच्या मुंजीला बोलावलं होतं," ते म्हणाले. "गरम कचोऱ्या समोर ठेवल्या. म्हणाले, आज एकादशी आहे. ते गेल्यावर पंचांग पाहिलं. दशमी होती."

"तुम्हाला काय वाटलं?"

"वाटायचं काय? ते मागास समाजाचे नेते. पंडिताच्या घरी खाल्लं असं कळलं तर त्यांच्या लोकांत त्यांची किंमत काय राहील? राजकारण आहे, बहनजी. मी समजून घेतलं."

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "समजून कसलं घेतलं? तेव्हापासून या घरात कचोरी झालेली नाही."

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे एक शिक्षक भेटले, मुसलमान, सौम्य बोलणारे. अध्यक्ष त्यांच्याकडे ईदला दरवर्षी येतात. गळाभेट घेतात, मुलांना ईदी देतात आणि शीरखुर्म्याच्या वाटीला हात न लावता जातात.

"हम समझ गए थे," ते म्हणाले. "बुरा नहीं माना."

"माना था," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्या शेजारी बसून मटार सोलत होत्या. "दरवर्षी ईदच्या संध्याकाळी तोंड फुगवून बसतात. मी म्हणते, पुढच्या वर्षी बोलावू नका. तर म्हणतात, नाही बोलावलं तर लोक म्हणतील आम्ही कट्टर आहोत."

एका जैन कुटुंबाने ठरवून टाकलं होतं की कांदा-लसूण नसलेला फराळ अध्यक्षांना फिका लागत असणार. देवास रोडवरच्या एका राजपूत ठाकूर मास्तरांनी याचं मूळ दोन गावांतल्या जुन्या वैरापर्यंत नेलं होतं. ते वैर नक्की कोणत्या गोष्टीवरून, हे त्यांना सांगता आलं नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती भैरवगढची भेट. अध्यक्ष स्वतः तिथले, छपाईवाल्यांच्या घराण्यातले. त्यांच्या जातीतल्या, त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या एका प्राथमिक शिक्षकाकडे मी गेले. अंगणात छापलेल्या चादरी वाळत होत्या आणि त्या बाजूला सारत त्याला बाहेर यावं लागलं.

"आमच्याकडे?" तो हसला. "आमच्याकडे तर ते वर्षानुवर्षं काही घेत नाहीत. मोठे झाले ना. आता बिरादरीत पाणी पीत नाहीत. माझी आई तर म्हणते, पंडितांच्या संगतीत राहून स्वतःला पंडित समजायला लागला."

पंडितांच्या घरी काय समजूत होती, ते मी त्याला सांगितलं नाही.

इथपर्यंत माझ्या हातात आलं होतं ते एवढं. अध्यक्ष एकाही शिक्षकाच्या घरी काही खात-पीत नाहीत आणि निमित्त दर वेळी नवीन सांगतात. प्रत्येक घराला वाटलं होतं की हे फक्त आपल्या वाट्याला आलं, आणि प्रत्येक घराने त्याचं कारण स्वतःच्या जातीत शोधलं होतं. घरी आलेल्या पाहुण्याने पाणी नाकारलं तर आपल्याकडे दुसरं कारण कोणाला सुचत नाही. शिवाय तो अपमान चारचौघांत सांगणं हा दुसरा अपमान. त्यामुळे एवढी वर्षं हे कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

मला कोडं सुटल्यासारखं वाटलं, पण पुरतं नाही. ते का घेत नाहीत, हे अजून कळायचं होतं.

संघटनेची खोली फ्रीगंजमध्ये स्टेशनरीच्या एका दुकानावर आहे. संध्याकाळी गेले तेव्हा अध्यक्ष एकटे होते. एरवी त्या वेळी तिथे बसायला जागा नसते. त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून मला पाणी दिलं, स्वतःही त्याच पेल्याने प्यायले, आणि खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही फिरताय," ते म्हणाले. "सगळीकडून फोन येतायत की बहनजी विचारून राहिल्यात, चाय पी थी कि नहीं."

"प्यायला होतात?"

"नाही."

"कुठेच?"

"देवास गेटच्या टपरीवर पितो. सगळ्यांबरोबर पितो."

"ते विरोधकांना माहीत आहे. त्यांचं म्हणणं, बाजारात चालवून घ्यायचं आणि घरात पाळायचं ही जुनी चाल आहे. आणि ते चूक म्हणत नाहीत. तशी चाल आहेच."

खालून दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, एखादी जुनी तक्रार दुसऱ्याच्या वतीने मांडावी तसं.

ते संघटनेत नवे होते तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे बदल्यांवर बंदी असते आणि मधूनच थोड्या दिवसांसाठी ती उठते. बंदी उठली की संघटनेच्या अध्यक्षाच्या शब्दाला वजन येतं. तेव्हाचे अध्यक्ष दिलदार होते. बोलावतील तिथे जायचे, वाढतील ते जेवायचे. त्या वर्षी एकाच जागेसाठी दोन शिक्षिका होत्या. एकीचा नवरा आजारी, दुसरीची अडचणही खोटी नव्हती. शिफारस दुसरीची झाली. तिच्या घरी अध्यक्ष आदल्याच आठवड्यात जेवून आले होते. कदाचित त्याचा काही संबंध नसेल. पण पहिली शिक्षिका या खोलीत आली, कोणाला काही बोलली नाही, आणि जाताना या तरुण कार्यकर्त्याला जिन्यात म्हणाली, 'भैया, खाना तो मैं भी बना देती.'

"ते वाक्य ऐकल्यावर माझ्याच्याने कोणाकडे घास गिळवला नाही," ते म्हणाले. "नंतर काम माझ्याकडे आलं, आणि ठरवूनच टाकलं."

"मग हे सांगत का नाही?"

"काय सांगू? दारात उभं राहून सांगू, की ताई, तुमचा चहा ही लाच आहे? बाई पदराने पेला पुसून पाणी आणते. तिला हे सांगायचं? त्यापेक्षा एकादशी बरी."

"एकादशी दशमीला होती."

ते पहिल्यांदा हसले. "पंडितजींनी पंचांग बघितलं?"

"लगेच."

मी त्यांना म्हटलं की ही सगळी घरं चौकशीत हेच सांगतील. ब्राह्मण, राजपूत, जैन, सगळे. प्रकरण तिथेच मिटेल. त्यांनी मान हलवली.

"नको. एका दलित बाईने तक्रार केली आणि वरच्या जातीच्या लोकांनी ओळीने येऊन दाखला दिला की साहेब चांगले आहेत, असं दिसेल. मला तशी सुटका नको. ती खोटं बोललेली नाही. मी तिच्याकडे पाणी प्यायलो नाही, हे खरंच आहे."

आणि जिन्यातल्या बाईची गोष्ट बाहेर जाऊ नये, हेही त्यांनी बजावलं. मी म्हटलं, तुम्ही सांगितलेलं तुमचं, ते माझ्याकडून जाणार नाही. पण बाकीच्या घरांनी मला जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलंय, आणि ते मी तक्रार करणाऱ्या बाईंना जाऊन सांगणार.

नानाखेड्यापलीकडचं ते घर फोटोतल्यापेक्षा लहान निघालं. शिक्षिकेने दार उघडलं, मी कोण ते ऐकलं, आत घेतलं आणि पाणी आणून ठेवलं. मी प्यायले.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "पेला मुद्दाम पूर्ण संपवलात ना?"

"हो."

"मला वाटलंच. फोटोनंतर इथे जो येतो तो उंटासारखं पाणी पितो."

आम्ही दोघी हसलो, आणि मग मी जे होतं ते सांगितलं. कोणत्या घरी काय समोर ठेवलं, अध्यक्ष काय म्हणाले, घरच्यांनी काय समजूत करून घेतली. त्यांचं काही चुकलं असं मी म्हटलं नाही, कारण त्यांनी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं होतं. भैरवगढचं ऐकल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "त्यांच्या स्वतःच्या जातीत? शेजारी?"

"शेजारी."

"का पण?"

"ते त्यांनाच विचारायला हवं. मला माहीत आहे, पण ते माझं सांगणं नाही."

त्या उठून खिडकीशी गेल्या. "तुम्हाला एक सांगते," त्या म्हणाल्या. "माझे वडील पोस्टमन होते. साहेब लोक कधी घरी आले तर वडील आधी पाणी पुढे करायचे. आणि दर वेळी तेच वाक्य. अभी पीकर आया हूँ. कोणी रागावून म्हणायचं नाही, हसून म्हणायचे. लहान होते तेव्हा मला वाटायचं, सरकारी लोकांना तहान लागतच नाही. पंडितजींना एकादशी सांगितली, मला हे वाक्य सांगितलं. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल?"

"हे मी त्यांना विचारलं नाही," मी म्हटलं.

"आणि तुमच्यावर मी विश्वास का ठेवू?" त्यांनी सरळ विचारलं. "तुम्ही त्यांच्या बाजूच्या."

"ठेवू नका. स्वतः विचारून बघा."

त्यांनी तेच केलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा उघडपणे केलं. रविवारी संघटनेने राजीनाम्यावर सभा बोलावली होती. एका धर्मशाळेचा हॉल, सतरंज्या, मागे पंखे. मी सभासद नाही, ताईबरोबर मागे बसले. राजीनामा मागणाऱ्या गटाच्या नेत्याने बऱ्यापैकी भाषण केलं आणि मग तक्रारदार शिक्षिकेला पुढे बोलावलं. त्याला वाटलं होतं त्या हकीकत सांगतील. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाल्या, "मला एकच विचारायचंय. ज्यांच्या घरी सरांनी आजवर काही खाल्लंय किंवा प्यायलंय, त्यांनी हात वर करा. पाणीसुद्धा चालेल."

एकही हात वर आला नाही.

सुरुवातीला लोकांना वाटलं बाकीचे संकोचतायत. माना वळायला लागल्या. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघत होता. पंडितजी पुढच्या रांगेतून मागे वळून मुसलमान शिक्षकांकडे बघत होते, ते राजपूत मास्तरांकडे. ताईने माझ्या कोपराला हात लावला.

"अरे," मागून कोणीतरी म्हणालं, "मला वाटलं फक्त आमच्याकडेच."

"आणि आम्हाला वाटलं आमच्याकडे."

"म्हणजे ठाकुरांकडेही नाही?"

"ठाकुरांकडे काय, भैरवगढलाही नाही," छपाईवाल्या गल्लीतला तो शिक्षक उभा राहून म्हणाला. "हा माणूस आपल्याच जातीला बाद करून बसलाय."

मग हॉल हसायला लागला. आधी तुरळक, नंतर सगळाच. वर्षानुवर्षं एकेकाने आपापल्या घरी सांभाळून ठेवलेला राग एका बैठकीत बाहेर आला होता आणि बाहेर आल्यावर त्याचं काय करायचं ते कोणाला कळत नव्हतं. विज्ञानाच्या शिक्षकांच्या पत्नी माझ्यापुढेच बसल्या होत्या. नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "और मुँह फुलाओ." राजीनामा मागणारा नेता दोनदा 'शांती रखिए' म्हणाला आणि मग खाली बसला.

शिक्षिका हसल्या नव्हत्या. हॉल शांत होईपर्यंत त्या माइक धरून उभ्या राहिल्या. मग अध्यक्षांना म्हणाल्या, "सर, आता कारण सांगा."

आणि त्यांना सांगावं लागलं. जिन्यातल्या बाईचं त्यांनी नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही, पण तिचं वाक्य सांगितलं. सांगताना ते कोणाकडेही बघत नव्हते. या वेळी कोणी हसलं नाही. बदलीच्या दिवसांत डबे घेऊन या-त्या घरी गेलेले बरेच जण तिथे बसले होते.

"हे मी मान्य करते," शिक्षिका म्हणाल्या. "पण एक तुम्हीही ऐका. इथे सगळ्यांच्या घरी तुम्ही पाणी प्यायला नाहीत. त्यांना राग आला, बस. माझ्या घरी तेच केलंत तर त्याचा अर्थ तेवढाच होत नाही. तुम्ही मास्तर आहात. हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं."

अध्यक्ष उठून उभे राहिले. "हवं होतं," ते म्हणाले. "ते वाक्य मी विचार न करता बोललो. तुमच्या घरी बोललो, हे चुकलं. माफ करा."

राजीनाम्याचा ठराव मग मांडलाच गेला नाही. त्याऐवजी शिक्षिकेनेच सुचवलं की बदल्यांच्या शिफारशी एका माणसाने करू नयेत. समिती करावी, म्हणजे कोणा एकाला आयुष्यभर तहानलेलं राहावं लागणार नाही. सभा टाळ्यांनी संपली आणि समितीत शिक्षिकेचंच नाव पहिलं घातलं गेलं.

तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. चौकशी अधिकाऱ्यांसमोर जाऊन त्यांनी म्हटलं, मी लिहिलं तसं घडलं होतं, त्यात काही खोटं नाही. त्यानंतर मला जे कळलं ते असं आहे, हेही लिहून घ्या. अधिकाऱ्यांनी दोन्ही लिहून घेतलं आणि प्रकरण बंद केलं. भेदभाव केल्याचं आढळलं नाही, असा शेरा आला. ताईने फोनवर तो मला दोनदा वाचून दाखवला, जणू परीक्षेचा निकाल होता. अध्यक्षांच्या पत्नीचाही फोन आला. म्हणाल्या, कितीतरी दिवसांनी ते आज जेवण झाल्यावर ताटावरून लगेच उठले नाहीत, बसून बोलत राहिले.

मी फेसबुकवर काही लिहिलं नाही. लिहायचं कारण उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात बदल्यांवरची बंदी उठली आणि समितीचं काम सुरू झालं. शाळा बघायला म्हणून शिक्षिका आमच्या बाजूला आल्या होत्या, ताई त्यांना हात धरून घरी घेऊन आली. मीही होते. ताईने साबुदाण्याची खिचडी केली होती, वर खोबरं-कोथिंबीर पेरून बशी त्यांच्यासमोर ठेवली.

"नाही घेणार," शिक्षिका म्हणाल्या.

ताईचा चेहरा पडला.

"रागावू नका, मॅडम. बदल्या चालू आहेत, मी समितीत आहे. तुमच्या शाळेतल्या दोघींचे अर्ज माझ्यासमोर आहेत. ते काम संपेपर्यंत मी कोणाकडेच काही घेत नाही. काल पंडितजींकडेही हेच सांगितलं. ते रागावले."

"रागावणारच," ताई म्हणाली. तीही जराशी रागावली होती, ते दिसत होतं. मग तिने बशी उचलून माझ्यासमोर ठेवली. "घे, तुझ्याकडे कोणाचा अर्ज नाही. आणि तुम्ही," ती शिक्षिकेला म्हणाली, "काम संपलं की पहिल्या माझ्याकडे यायचं. पंडितजींच्या आधी."

"पंडितजींनी पण हेच सांगितलंय," शिक्षिका म्हणाल्या, आणि दोघी कोणाचा नंबर आधी यावरून बोलत बसल्या.